शिक्षकाचा राग व आत्मनिरीक्षण

(मिरजोळे, ता. रत्नागिरी येथे प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



लोकमान्य टिळकांच्या जयंतीस व पुण्यतिथीस शाळाशाळांतून शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते. तिचा तपशील निरनिराळ्या पुस्तकांतून निरनिराळा आढळतो. परंतु गाभा सर्वत्र एकच आहे. वर्गात टरफले पडलेली दिसली, ती कोणी टाकली हे कोणी सांगेना, गुरुजी संतापले आणि सगळ्या वर्गाला शिक्षा देऊ लागले. बाळ टिळकांनी मात्र न केलेल्या अपराधाची शिक्षा घेण्यास नकार दिला. मुले ही गोष्ट भाषणात आवेशाने सांगतात आणि ऐकणारे त्या बाणेदार बालकाचे कौतुक करतात. ते योग्यच आहे.

तथापि या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती व्यक्ती म्हणजे ते संतापलेले गुरुजी. ते दुष्ट होते असे गोष्टीत कोठेही म्हटलेले नाही. वर्ग स्वच्छ असावा, मुलांनी खरे बोलावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि या दोन्ही अपेक्षा चांगल्या होत्या. असे असता, चांगली अपेक्षा बाळगणाऱ्या मनुष्याचा हात निरपराध मुलांवर उगारला गेला तो कसा? टरफले दिसल्यापासून छडी उचलीपर्यंतच्या त्या थोड्याशा वेळात त्यांच्या मनात काय घडले असावे? मुलांसाठी ही गोष्ट बाणेदारपणाची आहे. शिक्षकांसाठी ती रागाची आहे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला आणि त्यांचे वडील गंगाधरपंत हे स्वतः शिक्षक होते. तेव्हा या गोष्टीचा हा दुसरा पाठ रत्नागिरीच्या शिक्षकांनीच प्रथम वाचावा, हे उचित होय.

प्रश्न जुना असला तरी आजही संपलेला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने मुलास शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडी वर्गातून गेली, हे मोठेच काम झाले. परंतु कायदा काय करू नये हे सांगतो; ते न करणे अंगी कसे बाणवावे, हे शिकविणे कायद्याच्या आवाक्यातील नव्हे. छडी गेली तरी चढलेला आवाज, टोचून बोललेला शब्द, आपटलेले पुस्तक आणि तुच्छतेची नजर ही शिल्लक राहू शकतात. मुलाच्या मनावर त्यांचे वळ उठतात आणि ते पालकांनाही दिसत नाहीत.

येथे एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणावा. तो कोणा एकाच शाळेचा नाही. कोणत्याही दोन-शिक्षकी शाळेचा आहे. आषाढातला पाऊस कोसळत आहे. बाईंची गाडी उशिरा आली. छत्री असूनही साडीचा काठ चिखलाने माखला. शाळेत पोहोचल्यावर कळले की, दुसरे गुरुजी प्रशिक्षणास गेले आहेत. म्हणजे आज चारही वर्ग एकटीने सांभाळावयाचे. इतक्यात मोबाईलवर निरोप आला की, अमुक माहिती दुपारच्या आत भरून पाठवावी. माहिती भरावयास घेतली, तर नेटवर्क जाते-येते. पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंचा मुलगा आजारी, म्हणून स्वयंपाक उशिरा लागला. या धांदलीत तिसरीतला एक मुलगा पाटी घेऊन पुढे आला आणि हातच्याच्या वजाबाकीतील तीच शंका त्याने तिसऱ्यांदा विचारली. बाई कडाडल्या, "किती वेळा सांगायचं तुला? डोकं आहे की नाही?" मूल गप्प झाले व जागेवर जाऊन बसले. वर्ग शांत झाला.

त्या शांततेचा अर्थ काय? वरवर पाहता शिस्त आली. वस्तुतः एक मूल शंका विचारावयाचे थांबले. हातचा का घ्यावा लागतो हे त्याला त्या दिवशी कळले नाही, आणि उद्याही ते विचारणार नाही. पुढील वर्गात भागाकार येईल, तेव्हा ही न सुटलेली गाठ त्यातही राहील. चार वर्षांनी कोणी म्हणेल, "याचे गणित कच्चे आहे." ते कच्चे कोठे राहिले, हे कोणत्याही प्रगतिपत्रकात लिहिलेले नसेल. शिक्षकाच्या रागाचा विचार केवळ शिक्षकाच्या मनःस्वास्थ्यासाठी करावयाचा नाही. त्या मुलाच्या शंकेसाठीही तो केला पाहिजे.

बाई कोणावर रागावल्या होत्या? त्या मुलावर नव्हेत. राग पावसाचा होता, गाडीचा होता, निरोपाचा होता, नेटवर्कचा होता. निघाला मात्र मुलावर. मराठीत याला नेमकी म्हण आहे : वड्याचे तेल वांग्यावर. राग वरून खाली वाहतो. वरिष्ठांवर काढता येत नाही, म्हणून तो मुलांवर निघतो. शाळेत काढता आला नाही, तर घरी निघतो. ज्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याच्यापाशी येऊन तो थांबतो. शाळेत अशी व्यक्ती एकच असते, आणि ती सर्वांत लहान असते.

मग राग येऊच नये काय? तसे म्हणणे मनुष्यस्वभावास धरून होणार नाही. अडचण आली की त्रास होणे स्वाभाविक आहे. पाहावयाचे ते एवढेच की, अडचण आणि उद्रेक यांच्या मध्ये काय असते. सामान्यतः मनुष्य म्हणतो, "त्याने असे केले, म्हणून मला राग आला." या वाक्यात दोनच कड्या आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून जी विचारपद्धती मांडली, तिचे सार असे की, कड्या दोन नसून तीन आहेत : घडलेली घटना, त्या घटनेविषयीची आपली धारणा, आणि तिच्यातून उद्भवणारी भावना व वर्तन. मधली कडी दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे वाटते. हा विचार अगदी नवा आहे, असा दावा एलिस यांनी केला नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण त्यांनी मान्य केले. महाराष्ट्रात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून या पद्धतीचा प्रसार केला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यास स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही असे विचार सोप्या मराठीत सामान्य लोकांपर्यंत पोहोचविले आहेत.

ही मधली कडी ओळखण्याची एक खूण मराठी भाषेतच आहे, आणि ती एका अक्षराची आहे. ते अक्षर म्हणजे 'च'. "मुलाला एकदा सांगितल्यावर समजावे" ही इच्छा झाली. "मुलाला एकदा सांगितल्यावर समजलेच पाहिजे" हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही, तर खंत वाटते, थोडी नाराजी येते, आणि मनुष्य दुसरा उपाय शोधू लागतो. हट्ट पुरा झाला नाही, तर संताप येतो; आणि संतापलेला मनुष्य उपाय शोधीत नाही, अपराधी शोधतो. गाडी वेळेवर आलीच पाहिजे, नेटवर्क असलेच पाहिजे, पालकांनी ऐकलेच पाहिजे, असे अनेक 'च' सकाळपासून मनात साठत जातात आणि दुपारी एका लहान मुलाच्या शंकेवर फुटतात. टरफलांच्या गोष्टीतील गुरुजींच्या मनातही कदाचित असाच एखादा 'च' असेल : "माझ्या वर्गात हे होताच कामा नये."

कोकणातील शेतकऱ्याला ही गोष्ट निराळ्या रीतीने ठाऊक आहे. लावणीनंतर शेतात पाणी तुंबून राहावे म्हणून तो बांध घालतो. बांध फुटला की पाहणारा म्हणतो, पाऊस फार झाला. जाणता शेतकरी मात्र पावसाला बोल लावीत बसत नाही. तो इरले घेऊन बांधावरून फिरतो आणि खेकड्याने बीळ कोठे पाडले आहे, ते शोधतो. बीळ लहान असते, तेव्हा मूठभर चिखलाने बुजते. तेथूनच पाणी झिरपू लागले आणि कोणी पाहिले नाही, तर सकाळी बांधाला भगदाड पडलेले असते. पाऊस किती पडावा, हे शेतकऱ्याच्या हाती नाही. बांधावरून फेरी मारणे त्याच्या हाती आहे. आत्मनिरीक्षण म्हणजे मनाच्या बांधावरची अशी रोजची फेरी होय.

ही फेरी कशी मारावी, याचा विचार आता क्रमाने करू.

पहिली पायरी शरीराची आहे. राग मनाला कळण्याआधी शरीराला कळतो. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळला जातो, कोणाचा श्वास उथळ होतो, कोणाचा खडू हातातच मोडतो. प्रत्येकाची खूण निराळी असते आणि ती ज्याची त्यानेच शोधावयाची असते. ज्या शिक्षकाला स्वतःची खूण ठाऊक झाली, त्याला बांध फुटण्यापूर्वी झिरपणारे पाणी दिसू लागले असे समजावे. खूण जाणवताच काही क्षण थांबावे, श्वास सावकाश सोडावा, फळ्याकडे वळून तारीख लिहावी किंवा घोटभर पाणी प्यावे. एवढ्याने राग जात नाही; पण पुढची पायरी चढण्यापुरता अवकाश मिळतो.

दुसरी पायरी नाव देण्याची आहे. वैताग, चीड, त्रागा, उद्वेग, संताप, खंत, हिरमोड, असे कितीतरी शब्द मराठीत आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. असे असूनही पुष्कळदा सगळ्यांना एकच नाव दिले जाते : "डोके फिरले." स्वतःशी नेमके नाव घेतले की मन निवळू लागते, हा अनुभव अनेकांचा आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, चेहऱ्यावरील भावनेला शब्दात नाव देताना, भीती व क्षोभ यांच्याशी संबंध असलेल्या मेंदूतील एका भागाची हालचाल मंदावते. त्या बाईंनी क्षणभर स्वतःला विचारले असते, तर उत्तर कदाचित असे आले असते : "हा राग नव्हे, ही दमणूक आहे, आणि काम वेळेत होणार नाही याची भीती आहे." दमणुकीचा व भीतीचा उपाय मुलावर ओरडणे हा नव्हे, हे मग सांगावे लागले नसते.

तिसरी पायरी 'च' शोधण्याची आहे. आपण कशाचा हट्ट धरला आहे, तो नेमक्या शब्दांत मनाशी उच्चारावा, आणि मग त्याला प्रश्न विचारावा : असे झालेच पाहिजे, हा नियम कोणी केला? मूल तिसऱ्यांदा विचारते, याचा अर्थ त्याला डोके नाही असा होतो, की दोनदा सांगितलेली रीत त्याच्या उपयोगी पडली नाही असा? दुसरा अर्थ घेतला, तर बाई पाटी बाजूस ठेवून दहा काड्यांचा गठ्ठा सोडतील आणि मुलाच्या हातात सुट्या काड्या मोजून देतील. हातचा म्हणजे सुटलेला गठ्ठा, हे त्याला हाताने कळेल. घटना तीच, मूल तेच, पाऊसही तोच. केवळ मधली कडी बदलली.

मनाशी असे बोलणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. समर्थ रामदासांनी 'मनाचे श्लोक' रचले, ते मनाला समोर बसवून. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्यापासून एक पाऊल मागे उभे राहावे लागते, आणि रागाच्या वेळी माणसाला हवे असते ते हेच एक पाऊल. ज्ञानेश्वर लोकांच्या निंदेने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने दाराबाहेर उभे राहून त्यांना विनविले, असे परंपरा सांगते. ताटीचे अभंग म्हणून तो प्रसंग घराघरांत ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांसारख्यांनाही क्षोभ झाला, यात परंपरेने काही उणेपणा मानला नाही. धाकट्या बहिणीने त्यांना त्यांच्या खऱ्या स्वरूपाची आठवण करून दिली आणि त्यांनी ती ऐकली, यातच तिने मोठेपण पाहिले. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही क्रोधातून मोह आणि मोहातून विस्मरण, असा उतरता क्रम सांगितला आहे. शिक्षकाच्या बाबतीत हे विस्मरण कोणते? आपण शिक्षक आहोत, हेच तो त्या क्षणी विसरतो.

म्हणून शाळेत एकमेकांसाठी मुक्ताबाई होण्याची रीत असावी. दोन शिक्षकांनी आपापसांत ठरवून ठेवावे की, एकाचा आवाज चढलेला दुसऱ्याच्या कानी आला, तर त्याने दारात येऊन एवढेच म्हणावे, "बाई, जरा पाणी पिऊन या, वर्गाकडे मी पाहतो." त्यात दोष दाखविणे नको, उपदेश नको, नंतर चर्चा नको. जेथे शिक्षक एकटाच असतो, तेथे हे काम वहीने करावे. शाळा सुटल्यावर पाच मिनिटे काढून चार रकाने लिहावेत : काय घडले, शरीराला काय जाणवले, मनात कोणता 'च' होता, आणि पुढच्या वेळी काय करता येईल. ही वही कोणी तपासावयाची नाही व कोणी मागावयाचीही नाही. ती आणखी एक दप्तर होता कामा नये. महिनाभर लिहिल्यावर ठरावीक वेळ व ठरावीक कारण पुन्हा पुन्हा दिसू लागेल. कोणाचे मन जेवणापूर्वीच्या तासाला अधीर होते, कोणाचे माहितीचा निरोप आला की. बीळ कोठे आहे ते कळले की बुजविणे कठीण नसते.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. कोणी म्हणेल, "अडचणी खऱ्या आहेत; त्या दूर न करता शिक्षकालाच मन आवरावयास सांगणे, हा अन्याय नव्हे काय?" आक्षेप रास्त आहे. आत्मनिरीक्षण म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम २७ नेच सांगितले आहे की, जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अन्य शिक्षणबाह्य कामास शिक्षकांना लावू नये. कामाचा बोजा वाजवीपेक्षा अधिक असेल, तर तसे मुख्याध्यापकांकडे, केंद्रप्रमुखांकडे व त्यांच्यामार्फत वरिष्ठांकडे लेखी मांडलेच पाहिजे. आणि येथला 'च' योग्य जागी आहे. परंतु संतापाच्या भरात लिहिलेला अर्ज व विचाराने लिहिलेला अर्ज यांत अंतर असते. पहिला तक्रार करतो. दुसरा कोणते काम, किती वेळ, कोणत्या तासाचे नुकसान, हे मांडून मार्ग सुचवितो. रागाची शक्ती वाया न घालविता योग्य दारी नेणे, हाही आत्मनिरीक्षणाचाच भाग होय. वड्याचे तेल वड्यावर निघाले, की वांगे सुटते.

इतके करूनही एखादे दिवशी बांध फुटेल. माणसाचे मन आहे, ते चुकणारच. अशा वेळी एक गोष्ट करावयाची राहते आणि तीच पुष्कळांना अवघड वाटते. मुलाजवळ जाऊन म्हणावे, "बाळ, मघाशी मी ओरडले, ते माझे चुकले. तुझी शंका बरोबर होती. ये, पुन्हा बघू." याने शिक्षकाचा मान कमी होतो, अशी समजूत आहे, अनुभव उलट आहे. मोठ्या माणसाला राग येतो, तो त्याला ओळखता येतो आणि चूक झाल्यास ती दुरुस्तही करता येते, हा पाठ त्या मुलाला कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही. मुले भावना पाहून शिकतात. म्हणून परिपाठाच्या वेळी आठवड्यातून एकदा "आज मनात काय आहे?" असा प्रश्न मुलांना विचारावा, आणि उत्तर "बरं वाटत नाही" एवढेच आले, तर हिरमोड, भीती, रुसवा, कंटाळा असे शब्द त्यांच्या पुढे ठेवावेत. मिरजोळ्यासारख्या गावात, जेथे शेतीबरोबर औद्योगिक वसाहतही आहे, कामासाठी दूरून आलेल्या कुटुंबातील मुलेही वर्गात असू शकतात. त्यांनी आपल्या घरच्या भाषेतील शब्द सांगितला, तर तोही फळ्यावर लिहावा. ज्याला मनातले सांगण्यास शब्द मिळाला, त्याला धक्काबुक्कीची गरज कमी पडते.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. चिडचिड आठवडेच्या आठवडे टिकून राहिली, झोप उडाली, भूक मंदावली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ती स्वभावाची उणीव समजून लपवू नये. तापावर जसा वैद्य, तसा यावरही वैद्य आहे. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने थट्टा करण्याची जुनी खोड आता टाकून द्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवाही सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक शिक्षकाने स्वतःसाठी लिहून ठेवावा, आणि पालकसभेतही सांगावा.

तात्पर्य, घटना शिक्षकाच्या हाती नसते, भावना पुष्कळदा आपोआप उठते. परंतु त्या दोहोंच्या मधली कडी पाहता येते आणि ती पाहण्याची सवय लावता येते. शाळेत उद्याही पाऊस असेल, गाडी उशिरा येईल, निरोप येईल, आणि तेच मूल पाटी घेऊन पुढे येईल. त्याची शंका तीच असेल. त्या वेळी बाईंच्या हाती काड्यांचा गठ्ठा असावा, आणि मुलाला तो सोडून दाखविण्याइतका निवांतपणा त्यांच्या मनात असावा.